सात लाख एकोणचाळीस हजार तीनशे सत्त्याण्णव

पंधरा वर्षांत सोपान जगधनेकडं कुणी सही मागितली नव्हती. हजेरीच्या वहीतली सही वेगळी. मशीनच्या सेटिंग कार्डावर खाली 'सेटर', म्हणजे मशीन लावून देणारा, असं छापलेलं असतं आणि त्याच्यापुढं एक रेघ असते, त्या रेघेवरची सही. कार्ड सोपान भरायचा, चाकं सोपान चढवायचा, पहिला जॉब सोपान काढायचा, आणि मग कार्ड घेऊन कुणातरी सेटरला शोधत शेडभर हिंडायचा. सेटर कँटीनमध्ये चहा पीत असला तर बशीखाली कार्ड धरून तिथंच सही ठोकायचा. कार्डावर चहाचे गोल उमटलेले असायचे.

भिंगारहून रोज सकाळी सायकल मारत तो नागापूरच्या एमआयडीसीत यायचा. गिअर बनवणारा कारखाना. तीनशे माणसं, आणि त्यात तिरक्या दात्यांची गिअर कापणारं एक म्हातारं हॉबिंग मशीन. त्या मशीनपुढं सोपान उभा. त्र्याण्णव साली त्याचं वय अडतीस होतं. केस कानाजवळ पिकलेले, तेलानं नखं काळी, आणि खिशात कायम रिजेक्शनच्या स्लिपांचा गठ्ठा. स्लिपेची पाठ कोरी असते, तिच्यावर तो आकडे तोडायचा.

आकडे तोडणं म्हणजे काय, ते सांगायला पाहिजे. सरळ दात्याचं गिअर कापायला फार डोकं लागत नाही. तिरक्या दात्याला कापता कापता जरासा जादा पीळ द्यावा लागतो. किती द्यायचा ते ड्रॉईंगवरनं निघतं: शून्य, टिंब आणि पुढं सहा आकडे. आता मशीनला काही आकडा कळत नाही, मशीनला चाकं कळतात. म्हणून चेंज गिअरची एक लाकडी पेटी असते. वीस दात्यांपासून शंभर दात्यांपर्यंत, प्रत्येकाचं एकेक चाक. त्यातली सहा उचलायची, तीन वर, तीन खाली. वरच्या तिघांचा गुणाकार भागिले खालच्या तिघांचा गुणाकार बरोबर तो आकडा यायला पाहिजे. टिंब काढलं की खाली येतात दहा लाख. ते बिचारे दोनानं आणि पाचानं ताज्या भाकरीसारखे तुटतात. खरी झोंबी वरच्या आकड्याशी. तो लहान लहान तुकड्यांत तुटला तर पेटीतली चाकं सापडतात. नाही तुटला तर बोंब.

सोपान हे काम शिकला गनीभाईकडून. गनीभाई म्हणजे शेडमधला सगळ्यात जुना माणूस. राहायला भिंगारलाच, मेंदी लावलेली दाढी, आणि चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेनं बांधलेली. त्यांनी पहिल्याच आठवड्यात सोपानला उलटा गुणाकार शिकवला होता. चाकं चढवायच्या आधी त्यांचा गुणाकार करून आकडा परत येतो का बघायचा. थोडा इकडंतिकडं आला, तर तो फरक मशीनच्या पत्र्यावर खडूनं लिहून ठेवायचा.

"जॉब बिघडला तर दुसरा काढता येतो बेटा," गनीभाई म्हणायचे, "पर फरक झाकून ठेवला ना, तर तो जॉबच्या संगट गाडीत जातो, आन गाडी कुठं जाते ते आपल्याला म्हाईत नसतं."

सोपानला हे पटलं, नव्हे अंगात भिनलं. त्याच्या मशीनचा पत्रा खडूच्या आकड्यांनी पांढरा झालेला असायचा.

आता त्र्याण्णवची गोष्ट. कारखान्यात सेटरच्या दोन जागा निघाल्या आणि परीक्षा ठेवली. परीक्षक पुण्याहून आले. पेपर सायक्लोस्टाईल केलेला, शाई फुटलेली. चार प्रश्न सोपे होते. पाचवा होता: गुणोत्तर ०.७३९३९७. यासाठी सहा चेंज गिअर निवडा. खाली सहा चौकटी, आणि सातवी चौकट: 'फरक (शून्य असावा)'.

सोपाननं आकडा बघितला आणि हसला. त्याचं पोट भरायचं कामच ते. दोनानं जाणार नव्हताच, विषम आहे. अंकांची बेरीज अडतीस, म्हणजे तिनानं नाही. शेवटी पाच नाही की शून्य नाही. सातानं भागला, एक उरला. अकरानं दहा उरले. सतराला तर वाटलं आता जातोय, सतरा गुणिले त्रेचाळीस हजार चारशे चौऱ्याण्णव केलं आणि आलं ७,३९,३९८. एकानं पुढं गेलं. सातानं एक उरतो, सतरानं एक कमी पडतो, असला छळवादी आकडा. एकोणीस, तेवीस, एकोणतीस. तासाभरानं तो सत्त्याण्णवला पोचला. त्याच्यापुढं पेटीत चाकं नव्हती.

घंटा झाली. चौकटी कोऱ्या होत्या. सोपाननं त्यांच्यावर आडवं लिहिलं, "पेटीतल्या कोणत्याही चाकाने हा आकडा तुटत नाही." आणि पेपर दिला.

निकाल लागला. सेटर झाले रंगनाथ आणि छगन वाकळे. रंगनाथचं ठीक होतं, माणूस जुना. पण छगन! छगन सोपानच्याच हाताखाली तीन वर्षं होता, आणि त्याला तेराचा पाढा म्हणताना घाम फुटायचा.

"छगन्या," सोपाननं त्याला पाण्याच्या टाकीजवळ गाठलं, "पाचव्याला काय लिवलं रं?"

"लिवलं की सहा चाकं."

"कंची?"

छगननं डोकं खाजवलं. "वर चौसष्ट, सत्तर, पंचेचाळीस. खाली ऐंशी, पन्नास, साठ."

सोपाननं तिथंच टाकीच्या कठड्यावर ओल्या बोटानं गुणाकार केला. शून्य पूर्णांक चौऱ्याऐंशी. म्हणजे विचारलं होतं भिंगार, आणि हा गेला दौंडला.

"आरं, हे बरुबर न्हाई!"

"मग मी कुठं म्हनलं बरुबर हाय?" छगन म्हणाला. "सहा चौकटी हुत्या, सहा भरल्या. शेवटी शून्य लिवा म्हनले, शून्य लिवलं. तुमी काय लिवलं दादा?"

सोपाननं कठड्याकडं बघितलं. पाण्यानं लिहिलेला गुणाकार उन्हात वाळत चालला होता.

दुसऱ्या दिवशी तो आबासाहेबांच्या केबिनमध्ये गेला. आबासाहेब प्रॉडक्शन मॅनेजर, सावेडीला नवा बंगला, टेबलावर काच आणि काचेखाली देवांचे फोटो. माणूस वाईट नव्हता, फक्त प्रत्येक गोष्ट दोन मिनिटांत संपावी असं त्यांना वाटायचं.

"साहेब, तो पाचवा परश्न. त्यो आकडा तुटतच न्हाई."

"बस, बस." आबासाहेबांनी कॅल्क्युलेटर ओढला. "किती होता? सात तीन नऊ... हं. कशानं भागू?"

"सतरानं भागा."

आबासाहेबांनी बटणं दाबली आणि कॅल्क्युलेटर सोपानकडं फिरवला. "हे बघ. जातंय की! त्रेचाळीस हजार चारशे त्र्याण्णव पॉईंट नऊ चार एक."

"साहेब, ते पॉइंट हाय ना पुढं. म्हंजे गेला न्हाई."

"अरे, उत्तर तर आलं ना?"

"उत्तर कशानं बी भागलं तरी येनारच साहेब, त्ये मशीन हाय!"

आबासाहेबांनी कॅल्क्युलेटर बंद केला. "हे बघ सोपान. शंभराच्या आत नसेल जात. आपण लेथला एकशेसत्तावीस दात्यांचं चाक नव्हतं का बनवून घेतलं खास? तसं याला लागेल. एवढा मोठा आकडा, सात लाखांचा! याच्यात काहीच नाही असं कसं होईल? तू मला फक्त सांग कितीचं चाक लागतं. मी बनवून देतो आणि पुण्याला पत्र लिहितो, तुझं नाव पुढं पाठवतो. झालं?"

सोपान बाहेर आला तेव्हा त्याच्या डोक्यात एकच होतं. चाक शोधायचं.

तिथनं पुढचे आठ महिने त्या आकड्यानं त्याला खाल्लं. जेवणाच्या सुट्टीत एक हात डब्यात आणि एक स्लिपेवर. सुट्टीच्या दिवशी दुपारी भिंगारच्या घरात तो पत्र्याच्या पेटीवर वही ठेवून बसायचा आणि समोर भागिरथी मिलिटरीच्या शर्टांना काजं करत बसलेली असायची. कँपातल्या टेलरकडनं तिला गठ्ठे यायचे. ती दोऱ्याला गाठ मारायची, हा बाकी लिहायचा.

आधी तो सगळ्या विषम आकड्यांनी भागत सुटला. एकशे एक, एकशे तीन, एकशे पाच. एकशे पाचावर थांबला. पाचानं गेला नाही तो एकशे पाचानं कुठून जायचा? शाळेत शिकलेला 'मूळ संख्या' हा शब्द त्याला पंचवीस वर्षांनी आठवला, ज्या स्वतः कशानंच तुटत नाहीत त्या. फक्त तेवढ्यांनीच भागायचं. पण त्यांची यादी कुठंय? मग त्यानं एक ते हजार आकडे लिहिले आणि दोनाच्या, तिनाच्या, पाचाच्या पटीतले खोडत गेला. त्यातही जुलैत कळलं की यादीत चारशे एकोणचाळीस सुटलेला आहे. खोडताना रेघ वाकडी गेली होती. म्हणजे आणखी कुठं कुठं रेघ वाकडी गेली असंल? पहिल्यापासून सगळं परत.

"अवो," भागिरथी एक दिवस म्हणाली, "त्या आकड्यात काय सोनं पुरलंय का?"

"चाक हाय त्यात. सापडलं की माझी सही लागती."

"सही! अंगठा लावायला सांगा त्यास्नी. दुकानातून मीठ आना म्हनून चार दिस झालं सांगत्ये."

"आनतो."

"आनतो म्हनता आन त्या वहीत तोंड घालता. मला एक सांगा, ह्यो भागाकार म्हंजे नेमकं हाय तरी काय?"

सोपाननं वही बाजूला केली. तिनं पहिल्यांदाच विचारलं होतं. "समज जेवनावळ हाय. सात लाख एकोनचाळीस हजार तीनशे सत्त्यान्नव मानसं जेवायला आली."

"बया! कुनाच्या बापाचं लगीन?"

"ऐक तर. पंगती बसवायच्या, आन सगळ्या पंगतीत मानसं सारखी पायजेत. सात सातची पंगत केली तर एक मानूस उभा राहतो. सतरा सतराची केली तर शेवटच्या पंगतीत एक पाट रिकामा राहतो. मी कितीकितीच्या पंगती बसवून बघितल्या, पर कुनीतरी उभंच राहतंय."

भागिरथीनं दोरा दातानं तोडला. "मग एकच लांब पंगत करा की समद्यांची."

"एकच पंगत म्हंजे चाक तेवढ्या दात्याचं झालं ना, येडे! सात लाख दात्याचं."

"मग तेवढ्या दात्याचं सांगा त्या आबासाहेबाला. त्यो करून देतो म्हनलाय ना?"

सोपान चिडला. तिला काय कळतंय, म्हणून त्यानं परत वही ओढली. पण बोलणं कुठंतरी रुतून बसलं.

आकड्यावरचा राग कधी कधी इतका व्हायचा की तो अंगठ्यानं त्याचे अंक झाकायचा. शेवटचा सात झाकला, राहिले ७३,९३९. हा तरी तुटंल. नाही तुटला. आणखी एक झाकला, ७,३९३. तो पण नाही. ७३९ नाही, ७३ नाही, ७ तर नाहीच. मग पुढून झाकत गेला. ३९,३९७. ९,३९७. ३९७. ९७. सगळे तसलेच, एकाला तडा जाईल तर शपथ. त्यानं वही गनीभाईंना नेऊन दाखवली.

गनीभाईंनी तारेचा चष्मा सावरत बराच वेळ बघितलं. "ये तो मुळापासून शेंड्यापर्यंत लोखंड हाय रे. कुठूनबी काप, आत तेच. असला आकडा मी उभ्या जिंदगीत बघितला न्हाई."

"मला परीक्षेतच का भेटायचा हुता, चाचा?"

"ज्यानं पेपर काढला ना, त्यानं ड्रॉईंगवरनं उचलून टाकला असंल. सोडवून कोन बघतंय?" त्यांनी वही परत दिली. "पर मला सांग. न्हाईच तुटला तर जवळचं काय बसतं? आपन धंद्यात काय करतो? जवळचं धरतो, फरक लिहितो, चल पुढं."

जवळचं सोपानला अर्ध्या तासात सापडलं. वर एकसष्ट, चाळीस, पंचाहत्तर. खाली पंचावन्न, पन्नास, नव्वद. उलटा गुणाकार केला तर ०.७३९३९४. दहा लाखांत तिनाचा फरक. असल्या फरकानं दात्यावर केसाइतकाही ओरखडा येत नाही. कामापुरतं बोलायचं तर आकड्याचा प्रश्न तिथं मिटला होता. पण पेपरात शून्य मागितलं होतं, आणि आबासाहेबांनी चाक मागितलं होतं. त्यामुळं सोपान पुढं भागत राहिला.

नोव्हेंबरात तो आठशे एकोणसाठला पोचला. भागाकार आला आठशे साठ, बाकी सहाशे सत्तावन्न. पुढचा आठशे त्रेसष्ट. भागाकार आला आठशे छप्पन्न, बाकी सहाशे एकोणसत्तर. त्यानं पुढच्या आकड्यासाठी पेन्सिल टेकवली आणि थांबला.

भागाकार आता भाजकापेक्षा लहान झाला होता.

म्हणजे इथनं पुढं एखादं मोठं चाक सापडलंच, तर त्याचा जोडीदार त्याच्यापेक्षा लहान असणार. आणि लहान तर सगळे करून झालेत! जोडीतला एक जण कायम अलीकडंच राहतो. आठशे साठला आठशे साठनं गुणलं तर सात लाख एकोणचाळीस हजार सहाशे होतात, म्हणजे आकड्याच्या पुढं. पलीकडं जाण्यात काही राहिलंच नव्हतं. एकशे एकोणपन्नास भागाकार, दोनदा केलेले, आणि उत्तर हे की उत्तर नाही.

दुसऱ्या कुणाला आनंद झाला असता. सोपान पेटीवर बसून राहिला. आठ महिने ज्या विहिरीत दोर सोडला तिचा तळ लागला होता, आणि तळाला पाणी नव्हतं.

तो वही घेऊन आबासाहेबांकडं गेला.

"सापडलं का चाक?"

"सापडलं साहेब. सात लाख एकोनचाळीस हजार तीनशे सत्त्यान्नव दात्याचं."

आबासाहेबांनी चष्मा काढला. "काय?"

"त्याच्याबिगर कुठलंच चालत न्हाई. आपल्या पेटीतल्या चाकाएवढाच दाता धरला, दोन मोड्यूलचा, तर चाक जवळजवळ दीड किलोमीटर रुंद व्हतं. अख्खं भिंगार त्याच्यात बसंल." सोपाननं वही उघडून काचेवर ठेवली. "हे समदे भागाकार. आठशे एकोनसाठपर्यंत. पुढं करायची गरज न्हाई, का न्हाई ते बी लिवलंय. त्यो आकडा मूळ हाय साहेब. परश्नच चुकीचा हुता. माझं उत्तर बरुबर हुतं."

आबासाहेबांनी चार पानं उलटली. सगळ्या पानांवर एकच आकडा, आणि त्याच्याखाली भाजक बदललेला. त्यांच्या चेहऱ्यावर आलं ते कौतुक होतं की कीव, ते सोपानला कळलं नाही.

"मेहनत केलीस रे," ते म्हणाले. "पण निकालावर सह्या झाल्यात. पुण्याला मी काय कळवू, की तुमचा आकडा तुटत नाही? ते म्हणतील बाकीच्या दोघांना कसा तुटला?"

"त्यांचं गुनून बघा ना! छगन्याचं चौऱ्याऐंशी येतंय!"

"आता छगनला खाली ओढायचं का? तुझ्याच हाताखालचा पोरगा तो." आबासाहेबांनी वही मिटून परत दिली. दोन मिनिटं संपली होती. "फेब्रुवारीत एक जागा आहे. परत बस."

सोपान परत बसला. चौऱ्याण्णवचा फेब्रुवारी, तेच परीक्षक, तोच हॉल. पेपर हातात आला आणि त्यानं आधी पाचवा प्रश्न बघितला. सायक्लोस्टाईलच्या त्याच गठ्ठ्यातला उरलेला पेपर होता तो. गुणोत्तर ०.७३९३९७.

त्याला मोठ्यानं हसावंसं वाटलं आणि पेपर फाडावासाही वाटला. पण त्यानं पेन काढलं. त्यानं सहा चौकटी भरल्या: एकसष्ट, चाळीस, पंचाहत्तर, पंचावन्न, पन्नास, नव्वद. सातव्या चौकटीत लिहिलं ०.०००००३. मागच्या कोऱ्या पानावर आकडा मूळ कसा आहे ते दहा ओळींत मांडलं. घंटेच्या आधी अर्धा तास पेपर दिला.

परीक्षकांनी तो तिथंच चाळला. थकलेला माणूस, पुण्याच्या यष्टीतनं आलेला, संध्याकाळी परत जायचं असलेला. चौकटींवरनं पेन्सिल फिरवत सातव्या चौकटीवर थांबले.

"जगधने. इथं शून्य पाहिजे."

"शून्य येत न्हाई साहेब. मागं लिवलंय का येत न्हाई त्ये."

त्यांनी पान उलटलं, वाचलं. खरोखर वाचलं, सोपानला ते त्यांच्या भुवयांवरनं कळलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "असेल तुमचं बरोबर. पण हा पेपर मी एकटा बघत नाही. वर जातो. तिथं क्लार्क फक्त चौकटी बघतो. सहा भरल्यात का, आणि सातवीत शून्य आहे का. बस." त्यांनी पेपर परत सरकवला. "खोडा आणि शून्य करा. तुमच्या चाकांनी मशीन उत्तम चालेल, मला दिसतंय. दहा लाखांत तीन! कुणाला दिसणार आहे तो फरक? दात्यावर दिसेल का?"

"दात्यावर न्हाई दिसायचा."

"मग?"

सोपाननं पेन हातात घेतलं. एक शून्य. तिनाला मिटवून गोल करायला क्षणभर लागला असता, तिनाची पाठ तशीही वाकलेलीच असते. उद्यापासनं कार्ड घेऊन कँटीनमध्ये हिंडायला नको. रेघेवर एस. बी. जगधने. भागिरथीला सांगता येईल की झालं, लागली सही. मागच्या वर्षी छगनला हे सुचायला काही मिनिटं लागली होती, आणि आपण त्याच्यासाठी एक वर्ष घालवून परत त्याच चौकटीपाशी आलो. त्याला सगळ्यांचा राग आला. छगनचा, आबासाहेबांचा, त्या न बघितलेल्या क्लार्कचा, आणि चष्म्याला तांब्याची तार बांधलेल्या त्या म्हाताऱ्याचाही, ज्यानं पहिल्याच आठवड्यात असलं काही शिकवून ठेवलं होतं.

"साहेब," तो म्हणाला, "सेटर झाल्यावर मी पहिली सही करनार, ती ह्याच्यावरच झाल्यागत हाय. ती खोटी कशी करू?"

"अहो, कागद आहे हा!"

"व्हय. दात्यावर न्हाई दिसत, कागदावर दिसतोय."

परीक्षकांनी श्वास सोडला. पेपर ओढून गठ्ठ्यात घातला. "तुमची मर्जी," म्हणाले.

दारात गनीभाई उभे होते. निवृत्तीला दोन महिने राहिलेले, तरी खास हॉलपाशी आलेले. "क्या हुआ? शून्य लिहिलं?"

"तीन लिवलं."

गनीभाईंनी दाढीवरनं हात फिरवला. शाबासकी दिली नाही. म्हणाले, "मी असतो तर लिहिलं असतं रे शून्य. पोरंबाळं हायत तुला." मग सोपानच्या तोंडाकडं बघून गडबडीनं म्हणाले, "न्हाई, तू केलं ते... मी आपलं सांगितलं."

सोपान त्यांच्याकडं बघतच राहिला. ज्यांच्या जिवावर हट्ट केला तेच असं म्हणत होते.

तीन आठवड्यांनी निकाल लागला. सोपानचं नाव नव्हतं. पुण्याहून आलेल्या कागदावर त्याच्या नावापुढं लिहिलेलं होतं, 'प्र. ५ अपूर्ण'. तो नोटीस बोर्डाजवळ थांबलाही नाही. मशीनच्या पत्र्यावरचे खडूचे आकडे ओल्या कॉटनवेस्टच्या बोळ्यानं पुसून काढले आणि मशीन चालू केलं. घरी त्यानं वही माळ्यावर टाकली. भागिरथीनं जेवताना ताटात भाकरी जरा जादा वाढली. त्यानं तीही परत टोपल्यात ठेवली.

पुढच्या सोमवारी छगन वाकळे मशीनपाशी आला. हातात कोरं सेटिंग कार्ड आणि नवीन ड्रॉईंग. 

"दादा."

सोपाननं मान वर केली नाही.

"सोपानदादा, अर्जंट जॉब हाय. ह्यो आकडा बघा की जरा. शून्य पूर्णांक छप्पन सतरा ब्यान्नव."

"सेटर कोन हाय?"

"मी हाय."

"मग तोड."

"दादा, कशाला लाजवता? मला यायचं असतं तर तुमच्याकडं आलो असतो का?" छगनचा आवाज खरंच रडवेला होता. "सकाळधरनं बसलोय. अंदाजानं चढवीन सहा चाकं, पर मशीन तुमचं, जॉब तुमच्या हातनं निघनार. वाटोळं झालं तर तुमच्या मशीनवर हुईल."

सोपाननं ठरवलं होतं की तोंड उघडायचं नाही. पण आकडा कानात शिरला होता. पाच, सहा, एक, सात, नऊ, दोन. एकाआड एक अंक वजा केले तर शून्य राहतं, म्हणजे अकरानं जातो. त्याला नको असताना आकडा आपोआप तुटत चालला. अकरानं गेला, सातानं गेला, एकोणिसानं गेला, उरलेलं सगळं दोन आणि तीन. पाच लाख एकसष्ट हजार सातशे ब्याण्णव, एवढं थोरलं धूड, आणि पापडासारखं मोडलं. त्याला त्या आकड्याचाही राग आला. एवढ्या सहज मोडायचं होतं तर गेल्या वर्षी तूच का नाही आलास पेपरात?

त्यानं मशीन थांबवलं. खिशातनं स्लिप काढली, तिच्या पाठीवर फराफरा लिहिलं. वर अडतीस, त्रेसष्ट, अठ्ठ्याऐंशी. खाली पन्नास, पंचाहत्तर, शंभर. उलटा गुणाकार केला. सहाच्या सहा अंक परत आले. स्लिप छगनच्या कार्डावर आपटली.

"घे. ह्याचा फरक खरंच शून्य हाय. हितं खुशाल शून्य लिही."

छगननं स्लिप दोन्ही हातांनी धरली. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला, "दादा, कार्डावर तुमचं नाव बी टाकू का? बाजूला?"

"तिथं एकच रेघ हाय," सोपान म्हणाला. "कर सही आन जा. माझा जॉब थांबलाय."